बॅक्स्टरचीं रंगीत चित्रें

चित्र छापण्याच्या दोन जुन्या पद्धती परस्परांच्या अगदीं उलट आहेत. लांकडी ठशाच्या उंच राहिलेल्या भागाला शाई लागते व तोच कागदावर उमटतो. धातूच्या खोदीव पत्र्यांत मात्र रेघांच्या खांचांत शाई भरून पृष्ठभाग पुसून काढतात. लंडनच्या जॉर्ज बॅक्स्टरनें या दोहोंचा संयोग साधून १८३५ सालीं पेटंट मिळविलें. प्रथम खोदीव पत्र्यानें रेषा व छाया छापावयाच्या. मग रंगागणिक एक, असे दहा-वीस उठावाचे ठसे तेलाच्या शाईनें त्यावर चढवावयाचे. एक ठसा केसभर सरकला तरी चित्रांतला चेहरा बिघडे.

ज्यांना तैलचित्र घेणें परवडत नसे, अशा घरांत या रीतीनें रंगीत चित्र पोंचलें. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाचीं चित्रेंहि त्यानें छापलीं. परंतु इतके श्रम आणि अल्प किंमत यांचा मेळ बसेना. शिळाछापाचीं रंगीत चित्रें स्वस्तांत मिळूं लागलीं; १८६५ सालीं बॅक्स्टरचें दिवाळें निघालें आणि १८६७ सालीं तो वारला. चित्र घरोघर नेण्याचा खर्च अखेर कारागिराच्याच पदरांत पडला.