तबकडीत राहून गेलेला आवाज

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर वाटूर फाटा लागतो. आज हा सारा मुलूख जालना जिल्ह्यात मोडत असला, तरी 1 मे 1981 रोजी तो जिल्हा निर्माण होईपर्यंत परतूर तालुका, आणि त्याबरोबर वाटूर, परभणीच्या दफ्तरी होता. आणि त्याही आधी, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, येथील कचेऱ्यांचा कारभार हैदराबाद संस्थानाच्या शिक्क्याने व उर्दू भाषेत चालत असे. या प्रदेशाचा इतिहास लिहिताना वतने, दुष्काळ आणि मुक्तिसंग्राम यांचा परामर्श घेतला जातो, व तो घेतलाच पाहिजे. परंतु दिवेलागणीनंतर ओसरीवर जे यंत्र वाजे आणि ज्याच्याभोवती अर्धी गल्ली गोळा होई, त्या यंत्राचा, आणि त्याचा आवाज सुधारण्यासाठी लोकांनी जे सायास केले त्यांचा वृत्तांत क्वचितच कोणी टिपून ठेवला. माझ्या मते तो टिपण्याजोगा आहे, कारण तबकडीच्या खाचेत जेवढा आवाज मुद्रित झाला होता त्याहून पुष्कळ कमी आवाज त्या काळच्या यंत्रांनी ऐकवला, आणि उरलेला बाहेर काढण्याचे काम मराठवाड्यात नव्या खरेदीने फारसे झाले नाही. ते दुरुस्तीच्या मेजावर झाले.

हिंदुस्थानात ग्रामोफोनचा जम बसला तो 1902 सालापासून. त्या वर्षाच्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास उतरला, गौहर जान आदी गायिकांचे गायन त्याने मेणावर उतरवून घेतले, आणि ती मेणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे धाडून त्यांवरून तबकड्या छापून आणल्या. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गायिका शेवटी आपले नाव स्वमुखाने सांगत असे. 1908 साली कलकत्त्याच्या सियालदा भागात छपाईचा कारखाना निघाला आणि समुद्रापलीकडची ही येरझार संपली. मराठी रंगभूमीच्या भाग्याची व दुर्भाग्याची रेषाही याच सुमारास पडते: भाऊराव कोल्हटकर 1901 साली निवर्तले, म्हणून त्यांचा आवाज आपणांस कायमचा अंतरला, त्यांच्यामागून आलेल्या बालगंधर्वांचा मात्र तबकड्यांत भरपूर उरला.

मुंबईत विकत घेतलेली अशी तबकडी वाटूरसारख्या गावी यायची, तर तिला केवढा फेरा पडे! मनमाडपर्यंत मोठ्या रुळांची गाडी, मनमाडला माल उतरवून निजामाच्या अरुंद रुळांच्या गाडीत चढवायचा, ती औरंगाबाद आणि जालना मागे टाकून परतूरला पोहोचायची, आणि तेथून पुढे बैलगाडी. संस्थानाची करोडगिरी स्वतंत्र होती. बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर शेकडा पाच या दराने ती वसूल होई. चलनही स्वतंत्र, इंग्रजी अमलातील सहा कलदार रुपयांना हाली शिक्क्याचे सात रुपये मोजावे लागत. भवताली काळ्या, भुसभुशीत मातीचा प्रदेश, उन्हाळ्यात धुळीने व पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या वाटा, आणि गवताच्या पेंढीत बांधलेली ती लाखेची तबकडी, जी हातातून निसटली की तिचे तुकडे ठरलेले. एवढा खर्च आणि एवढी जोखीम पत्करून आणलेली वस्तू घरात कोणत्या निगुतीने हाताळली जात असेल, याची कल्पना करावी.

याच सीमेवरची आणखी एक हकीकत सांगण्याचा मोह होतो. वाटूरहून मंठा ओलांडून लोणारमार्गे उत्तरेस गेले की मेहकर येते. पूर्वी हा प्रवास निजामी मुलखातून वऱ्हाडात, म्हणजे एका राज्यव्यवस्थेतून दुसरीत, नेणारा होता. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता वऱ्हाडातल्याच खामगावच्या जी. एन. जोशी यांनी 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गाऊन मुद्रित केली, आणि मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ पुष्कळ जाणकार त्या तबकडीपासून धरतात. नाटकाच्या आधाराशिवाय, केवळ कविता म्हणून, एक गीत तीन-साडेतीन मिनिटांत घरोघरी जाऊ शकते हे तिने सिद्ध केले. पुढे 1938 च्या सुमारास हेच जोशी एच.एम.व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रण खात्यात रुजू झाले. त्यांची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

ग्रामोफोनच्या त्या पहिल्या अमदानीत आवाजाची सुधारणा म्हणजे मुख्यतः पिनेची सुधारणा. तबकडीच्या मिश्रणात लाख थोडी आणि दगडाची भुकटी फार. तीही हेतुपुरस्सर घातलेली, कारण पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या मापाने घासली जावी व मग खाचेत नीट बसावी अशी योजना होती. म्हणून दर बाजूस नवी पिन लावावी असा नियम छापलेला असे, आणि काटकसरीपायी तोच सर्वांत आधी मोडला जाई. घासून धारदार झालेली पिन, तिला धरणाऱ्या, शंभर ग्रॅमहून अधिक वजनाच्या साउंडबॉक्सखाली, पुढच्या तबकडीची खाच अक्षरशः कातीत जाते. आज जुन्या तबकड्यांत जी अखंड खरखर ऐकू येते ती बहुतांशी त्या वाचवलेल्या पिनांची करणी होय. इंग्लंडातील चोखंदळ श्रोते पोलाद टाकून बांबूच्या आणि काट्यांच्या पिना वापरू लागले होते. त्या विशेष कात्रीने किंवा घासणीने पुनःपुन्हा टोकदार करून घेत, आणि त्यांचा आवाज लहान पण मृदू येई. बांधाबांधावर बाभूळ असलेल्या आमच्या प्रदेशाला तो उपाय दुर्घट नव्हता, हे लक्षात आले की मन हळहळते.

1925 साली विद्युत्-ध्वनिमुद्रण आले आणि मुद्रित आवाजाचा आवाका एकदम वाढला. कर्ण्यासमोर ओरडण्याची गरज संपली, आणि सेकंदास सुमारे 100 पासून 5000 पर्यंतची कंपने खाचेत उतरू लागली. परंतु चावी देऊन चालणाऱ्या यंत्राचा अभ्रकाचा पडदा व पत्र्याचा कर्णा यांतले मधले तेवढे ऐकवीत. तबल्याच्या डग्ग्याचा भरदारपणा आणि तंबोऱ्याच्या जवारीचे बारीक कण तबकडीत असूनही ओसरीपर्यंत पोहोचत नसत. अब्दुल करीम खाँसाहेबांची अखेरच्या वर्षांतली मुद्रणे ज्यांनी अशा यंत्रावर ऐकली, त्यांनी धन्यता मानली. पण त्यांना मिळाला तो ऐवजाचा एक हिस्सा.

विजेच्या यंत्रांची गोष्ट वेगळी आणि, माझ्या दृष्टीने, अधिक मनोवेधक. सूक्ष्म खाचेची, मिनिटास सव्वातेहतीस नव्हे तर बरोबर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग-प्ले तबकडी 1948 साली अमेरिकेत निघाली व साठाच्या दशकात आपल्या शहरांत रुळली. त्यानंतरच्या दशकात एच.एम.व्ही.च्या फिएस्टासारखे उचलून नेता येणारे रेकॉर्ड-प्लेअर, आणि ऐपतदारांकडे गॅरार्ड किंवा बी.एस.आर. बनावटीचे, आपोआप तबकड्या बदलणारे चेंजर दिसू लागले. खेड्यात वीज आली खरी, पण ती दुबळी. शेतातले पंप सुरू झाले की घरातला दिवा लालसर होई, आणि या यंत्रांतील साध्या मोटारी दाब उतरताच मंदावत. त्यामुळे गायकाचा षड्जच खाली सरके आणि लोक म्हणत, ‘रेकॉर्ड बसली.’ ती बसलेली नसे. कागदावर छापलेली पट्ट्यांची चकती तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहिले, तर याचा निकाल तत्काळ लागतो: आपल्याकडील प्रवाहाची 50 आवर्तने असल्याने दिवा सेकंदास 100 वेळा लुकलुकतो, आणि चकतीवर 180 पट्ट्या असतील तर वेग अचूक असताना त्या जागच्या जागी उभ्या राहिलेल्या दिसतात; वेग घटला की त्या मागे सरकतात. स्टॅबिलायझर लावणे, थाळी फिरवणाऱ्या रबरी चाकाची चकाकी स्पिरिटने व बारीक पॉलिश पेपरने काढणे, दांड्यातले घट्ट झालेले जुने ग्रीस रॉकेलने धुऊन शिलाई मशीनचे तेल दोन थेंब सोडणे, एवढ्याने पट्ट्या स्थिर होतात. रेडिओ मेकॅनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांची विद्या अशा बारकाव्यांची होती, आणि तिला विद्या म्हणण्यात मला किंचितही संकोच वाटत नाही.

मराठवाड्याच्या हवेचा सर्वांत मोठा बळी मात्र वेगळाच होता. स्वस्त यंत्रांच्या कार्ट्रिजमध्ये सुईच्या कंपनांची वीज करणारा स्फटिक रोशेल क्षाराचा असे. हा क्षार 55 अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचा निकामी होतो, अतिकोरड्या हवेत आपले पाणी गमावून भुकटी होतो, आणि दमट हवेत विरघळू लागतो. वैशाखात पत्र्याखाली बंद असलेली पेटी आणि आषाढात ओल धरणारी भिंत, या दोहोंमध्ये त्याचा निभाव कसा लागावा? आवाज क्षीण होत गेला की घरची मंडळी यंत्र म्हातारे झाले असे समजून ते माळ्यावर टाकीत. वस्तुतः बोटाच्या पेराएवढा एक भाग काढून त्या जागी सिरॅमिकचे कार्ट्रिज बसवले की यंत्र पूर्वीहून मोकळे वाजे. माळ्यावर पडून असलेल्या यंत्रांना आजही हेच लागू आहे.

स्पीकरकडे वळू. त्याचा कागदी कोन कडेने कापडाच्या, रबराच्या किंवा फोमच्या पट्टीवर तोललेला असतो. फोम पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच गळून पडतो आणि खालचे सूर नाहीसे होतात, तेव्हा कोन शाबूत असेल तर नुसती पट्टी बदलावी. पेटीतला जुना कंडेन्सर सुकला की वरचे सूर मळकट होतात. आणि दोन स्पीकर असतील, तर सर्वांत आधी एक परीक्षा करावी, जिला बॅटरीच्या एका सेलखेरीज काही लागत नाही: दीड व्होल्टच्या सेलची तार स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवली की ‘टक्’ असा आवाज होऊन कोन पुढे तरी येतो किंवा मागे तरी जातो, दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. कोणा घाईच्या माणसाने एका पेटीच्या तारा उलट जोडल्या असतील, तर एक कोन हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती ओढून घेतो, डग्गा विरून जातो आणि गायक खोलीत कोठेच उभा राहत नाही. दोन तारांची ही अदलाबदल ज्याने एकदा ऐकली, तो महाग यंत्रांच्या जाहिरातींना सहसा भुलत नाही.

घराचाही यात मोठा वाटा आहे. जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, कडेला रचलेल्या वाकळी व गोधड्या, हा सारा सरंजाम प्रतिध्वनी शोषून घेणारा होता; सिमेंटच्या उघड्या भिंतींत तेच यंत्र कर्कश वाजते, आणि दोष यंत्राला लागतो. पायांच्या धक्क्याने सुई उडत असेल तर यंत्राखाली शहाबादी फरशीचा जड तुकडा समतल बसवावा. तो या मुलखात कोठेही मिळतो.

जी. एन. जोशी यांची गाठ पुन्हा पडते ती येथे. 1967 साली त्यांच्या देखरेखीखाली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी वाजवलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही स्टिरिओ तबकडी मुद्रित झाली आणि पुढे जगभर गेली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर ‘शीळ’ गाणारा माणूसच या तबकडीचा निर्माता होता. एका हयातीत ध्वनिमुद्रणाने एवढा पल्ला गाठला. स्टिरिओ खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोन करतात आणि प्रत्येक भिंत एकेका बाजूचा आवाज वाहते. त्यामुळे सुईला आडवे तसेच उभेही हलता आले पाहिजे. जुन्या एकेरी यंत्राची ताठ सुई या खाचेत घातली की उभी वळणे ती घासून टाकते. शहरातून आलेली स्टिरिओ तबकडी गावातल्या जुन्या यंत्रावर हौसेने लावली, आणि काही महिन्यांतच ती खरखरू लागली, असे जेथे घडले तेथे तबकडीला नाव ठेवू नये.

1990 साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी तिच्या द्वारे संग्राहकांना एकत्र आणले, त्यांचे लेखन छापले आणि तबकड्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. जाणते संग्राहक आता जुन्या तबकडीसाठी एकच सुई वापरीत नाहीत. अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला साधारण 65 ते 75 मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, लाँग-प्लेला 25 च्या आसपासचे. आणि पूर्वीच्या पिनेने खाचेचा जो थर झिजवला, त्याच्या किंचित वर किंवा खाली चालणारे टोक निवडले तर भिंतीचा न झिजलेला भाग वाचता येतो. अशा वेळी जे ऐकू येते ते त्या तबकडीच्या पहिल्या मालकानेही ऐकलेले नसते. बालगंधर्वांच्या तानेमागचा ऑर्गन वेगळा ओळखू येतो. सारंगीचा गज वळलेला कळतो.

एवढ्यासाठी जुन्या यंत्रात हात घालणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. मूळ सुटे भाग फेकू नयेत; निकामी कार्ट्रिज, सुकलेला कंडेन्सर, तडकलेले चाक कागदात गुंडाळून, काय बदलले, केव्हा आणि कशासाठी याची तारीखवार चिठ्ठी लावून पेटीच्या तळाशी ठेवावे, आणि तबकडीच्या पाकिटावर ती कोणत्या मापाच्या सुईने उत्तम वाजते हे पेन्सिलीने लिहावे. घरोघरची अशी टिपणे एकत्र झाली, तर परतूर, मंठा, वाटूर या पट्ट्यात लोक काय आणि कसे ऐकत होते याचे दफ्तर तयार होईल. सरकारी कचेऱ्यांच्या कागदांत ते कधीच सापडणार नाही.