पुंगळी, गोल्डस्टार आणि पहाटे तीनची पिकअप

तर झालं असं की, मागच्या महिन्यात माझा मामेभाऊ घरी आला. तो कल्याणच्या मार्केट यार्डातून भाजी उचलून डोंबिवलीत पोचवतो. स्वतःची पिकअप आहे, हप्ते चालू आहेत. चहा संपायच्या आत त्याने मुद्दा काढला.

"दादा, तू इंजिनिअर ना? गाडीचा सायलेन्सर मोकळा करतोय. बुलेटसारखा धुगधुग आवाज आला पाहिजे. किती खर्च येईल?"

"अरे मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर," मी म्हटलं. त्याला काही फरक पडला नाही. आपल्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर, टीव्हीपासून पिकअपपर्यंत सगळं त्याला यायलाच पाहिजे.

मग शनिवार-रविवार बसलो आणि सायलेन्सरचा इतिहास खणून काढला. वाटलं होतं दहा मिनिटांत उरकेल. पण मंडळी, विषय फारच रंगतदार निघाला.

मुळात इंजिन आवाज का करतं? सिलिंडरमध्ये इंधन पेटतं, धूर दाबाखाली असतो, झडप उघडली की तो झटक्यात बाहेर पडतो. प्रत्येक झटका म्हणजे एक छोटा फटाका. तो फटाका पचवायचं काम सायलेन्सरचं. मोटारगाडी रांगत होती तेव्हाच लोकांना हा त्रास जाणवला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ साली इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. थोड्याच वर्षांनी हायरम पर्सी मॅक्झिमने बंदुकीसाठी सायलेन्सर काढला आणि तीच कल्पना इंजिनांकडे नेली. गंमत म्हणजे याच्याच बापाने मॅक्झिम मशीनगन शोधली होती. बापाने जगाच्या कानठळ्या बसवल्या, मुलाने कापूस विकला :-)

पण आवाज मोकळा सोडायची हौसही तितकीच जुनी. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत 'कट-आउट' नावाची कळ असायची. ती दाबली की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. चढावर जोर मिळतो असं कारण सांगत, आणि गावातून जाताना मुद्दाम दाबत. शेवटी शहराशहरांनी त्यावर बंदी घातली. म्हणजे माझा मामेभाऊ काही नवीन करत नव्हता, शंभर वर्षं उशिरा आला होता इतकंच.

आता आपल्याकडे या. बुलेट मूळची इंग्लंडची, रेडिचची. भारतीय लष्कराला ती पसंत पडली आणि १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. जुनी ३५० म्हणजे खरं तर ३४६ सीसी, एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, संथ चाल. गाडी ९०० आरपीएमवर उभी आहे असं धरा. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, म्हणजे मिनिटाला ४५०, सेकंदाला साडेसात. सेकंदाला साडेसात ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. तीच ती धुगधुग.

बुलेटला बाजारात मिळणाऱ्या सायलेन्सरची नावं तुम्हाला माहीत असतीलच... पंजाब, इंदौरी, मेगाफोन आणि सगळ्यांत प्रसिद्ध गोल्डस्टार. ज्याला विकत घ्यायचा नसतो तो आहे त्याच सायलेन्सरची पुंगळी काढतो. पुंगळी म्हणजे आतली भोकाभोकांची नळी, जिच्यामुळे आवाजाची लाट फुटते, आपटते आणि दमते. ती काढली की उरतो नुसता पोकळ डबा.

हे गोल्डस्टार नाव कुठून आलं हे शोधताना मी खुर्चीतून उडालो. बीएसए ही बर्मिंगहॅमची कंपनी, तिची 'गोल्ड स्टार' ही मोटरसायकल. तिचं नाव पडलं एका बिल्ल्यावरून. लंडनजवळच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्या मोटरसायकलवाल्याला सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. १९३७ च्या जूनमध्ये वॉल हँडलीने बीएसएवर तो मिळवला आणि कंपनीने पुढच्या मॉडेलला तेच नाव दिलं. या गोल्ड स्टारच्या सायलेन्सरचा घाट उचलून आपल्याकडे बुलेटचे सायलेन्सर निघाले.

आता खरी मजा. ब्रुकलँड्स १९०७ साली उघडलं. पहिल्याच वर्षी एस. एफ. एज या पठ्ठ्याने सलग २४ तास गाडी पळवून विक्रम केला. रात्रभर आजूबाजूच्या गावांचा डोळा लागला नाही, तक्रारी झाल्या, आणि तिथे रात्रीचं रेसिंग बंद झालं ते झालंच. पुढे १९२९ मध्ये २४ तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती १२-१२ तासांची करून दोन दिवसांत घ्यावी लागली. रात्री गाड्या कुलपात! एवढ्यावर भागलं नाही. शेजाऱ्यांची कुरकुर चालूच राहिली म्हणून १९२० च्या दशकात तिथे रेसिंगच्या गाड्यांनाही भलामोठा डब्यासारखा सायलेन्सर सक्तीचा झाला. त्याला नावच पडलं 'ब्रुकलँड्स कॅन'.

म्हणजे बघा, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर जो पोरगा गोल्डस्टार लावून कानाचे पडदे फाडतो, त्याच्या सायलेन्सरचं नाव अशा ट्रॅकवरून आलंय, जिथे शेजाऱ्यांच्या झोपेसाठी सायलेन्सर सक्तीचा होता. यावर काय बोलणार!

"पण आवाज वाढला की पॉवर वाढते ना?" हा मामेभावाचा पुढचा प्रश्न. याचंही उत्तर इतिहासात आहे. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात, त्यामुळे ताजं इंधनही धुराबरोबर पळून जातं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेनने यावर काम केलं. त्याने फुगीर पोटाचा आणि निमुळत्या शेपटीचा पाइप असा मापात बसवला की आवाजाची लाट आपटून परत येते आणि पळणारं इंधन पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ पर्यंत त्याने १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली होती. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी त्याचा रेसर एर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडे गेला आणि हे ज्ञान सुझुकीला मिळालं. १९६२ मध्ये डेग्नर सुझुकीवर ५० सीसी गटात जगज्जेता झाला. थेट हेरकथाच!

जपान्यांची टू-स्ट्रोक विद्या १९८० च्या दशकात आपल्या रस्त्यांवर आली. यामाहा आरएक्स १०० आली १९८५ मध्ये, बंद झाली १९९६ मध्ये, पण कल्याण-डोंबिवलीत अजून तिच्यासाठी जीव टाकणारे आहेत. तिचा पाइप म्हणजे नुसता सायलेन्सर नाही, इंजिनाचाच एक भाग. तो मनाला येईल तसा कापला की आवाज वाढतो आणि जोर कमी होतो. थोडक्यात, पॉवर पाइपच्या मापात असते, आवाजात नाही.

आणि पिकअप? चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० स्फोट, चारांत मिळून १६००, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७. सेकंदाला वीसच्या आसपास गेलं की कानाला सुटे ठोके कळत नाहीत, सलग घरघर ऐकू येते. त्यात टर्बो धुराचा झटका आधीच खाऊन टाकतो. म्हणजे सायलेन्सर अख्खा काढून फेकला तरी पिकअपची बुलेट होणार नाही, पिठाची गिरणी होईल. त्यातून त्याची गाडी २०२१ ची, बीएस-६. तिच्या पाइपमध्ये काजळी गाळणारा फिल्टर आणि सेन्सर बसवलेले. त्यांना हात लावला की कॉम्प्युटर रुसतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. (इथे मात्र मी खराखुरा कामाचा इंजिनिअर ठरलो.)

कायदाही बघून घेतला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२० वा नियम आहे: प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. २००३ पासून १७५ सीसीवरच्या नव्या मोटरसायकलींना मर्यादा ठरली ८० डेसिबलची. पुंगळी काढून तोच आवाज ९० वर गेला तर कागदावर वाढ दहाची, पण आवाजाची शक्ती दहापट. कानाला साधारण दुप्पट वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे निकष मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवलाय, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील.

या लढाईत ठाण्याचंही नाव आहे बरं का. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. तिचा रोख मंडप आणि लाउडस्पीकरवर होता, पण २०१६ च्या निकालात न्यायालयाने पोलिसांना आवाज मोजायची यंत्रं द्यायला सांगितलं. यंत्राशिवाय कायदा म्हणजे वजनकाट्याशिवाय भाजीचं दुकान.

असो. आता खरं सांगतो. मी काही साधू नाही. कॉलेजला असताना सेकंडहँड बुलेट घेतली आणि आठवड्याच्या आत पुंगळी काढली. काय वाटायचं सांगू! गल्लीत शिरलो की खिडक्या थरथरायच्या आणि मला वाटायचं, आता लोकांना कळलं आपण आलो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत बुलेटच्या रांगा निघतात तेव्हा छातीत जे होतं ना, ते मला रोज हवं होतं.

एका दुपारी समोरच्या इमारतीतले एक काका खाली आले. मी भांडायच्या तयारीत. ते ओरडलेच नाहीत. म्हणाले, "बाळा, मी मोटरमन आहे. रात्रपाळी करून आलोय, आज पुन्हा जायचंय. दुपारी झोप झाली नाही तर रात्री माझ्या मागे बारा डबे असतात." एवढंच बोलून वर गेले.

कायद्यात रात्र दहा ते सहा. पण कल्याण हे रेल्वेचं गाव, इथे कुणाची रात्र दुपारी दोनला असते. त्या संध्याकाळी मी पुंगळी परत बसवली. काकांना सांगायला गेलो नाही, लाज वाटली. ते दोन वर्षांनी बदली होऊन गेले, सांगायचं राहिलंच.

मामेभावाला हे सगळं सांगितलं. आकडेमोड, गिरणी, दहा हजार, मोटरमन, सगळं. तो बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "दादा, मी पहाटे तीनला गाडी काढतो. गल्लीत कुत्र्याशिवाय कुणी जागं नसतं. दिवसभर गाडी चालवतो, कुणी ढुंकून बघत नाही. वाटलं, आवाज तरी असावा."

यावर माझ्याकडे ब्रुकलँड्सचंही उत्तर नव्हतं, आरपीएमचंही. खरं तर तो जे बोलला तेच मी कॉलेजात पुंगळी काढून बोलत होतो.

सायलेन्सर त्याने बदलला नाही. त्या पैशात गाडीच्या पाठीमागे आजीचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, केशरी-हिरव्या रंगात, बाजूला दोन मोर. मागच्या रविवारी दाखवायला आला होता. आजी खिडकीतून बराच वेळ बघत होती.

निघताना मला हळूच म्हणतो, "दादा, मग हॉर्न बदलला तर चालेल का?"

आता पुढचा वीकेंड हॉर्नच्या इतिहासात जाणार, दुसरं काय!