माळवद, कोपी आणि स्लॅब : शिरूर कासार परिसरातील घरांचा इतिहास

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगांलगत, सिंदफणा नदीच्या काठी वसलेले शिरूर कासार हे १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. पर्जन्यछायेतील या कोरडवाहू मुलखात आपले घर कसे दिसावे हे राहणाऱ्याने स्वतः ठरवण्याची मुभा बहुसंख्य कुटुंबांना अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांतच मिळाली. त्यापूर्वी घरावरून ओळख पटे ती घराण्याची, वतनाची आणि जातीची. घर बांधणाऱ्याची स्वतःची आवड त्यात क्वचितच उमटे, आणि उमटलीच तर ती घराच्या आतल्या अंगाला उमटे.

मराठवाड्याच्या या भागातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सर्वांत वर दाबून बसवलेली माती अशी त्याची रचना असे. वरच्या थरासाठी पाणी झिरपू न देणारी पांढरी किंवा खारी माती निवडली जाई, आणि ती दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नव्याने पसरावी लागे. पाणी पन्हळीतून बाहेर पडे, तर उजेड आणि हवा यांसाठी छतात ठेवलेल्या भोकाला, म्हणजे सवण्याला, पावसात झाकण घालावे लागे. पाऊस कमी आणि ऊन कडक असलेल्या प्रदेशात दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींनी आतला गारवा टिकत असे आणि माळवदावर धान्य, डाळी, मिरच्या वाळत पडत. गावाच्या मातीतून आणि आसपासच्या लिंब-बाभळीतून उभे राहणारे हे घर परिसराशी इतके एकजीव होते की कारागिरीच्या दृष्टीने त्याला गरिबांचे घर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

घराचे मोजमाप खणांत होई. खण म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधील जागा. तेव्हा घर किती खणांचे, हा प्रश्न ऐपतीचा आणि मानाचाही असे. देशमुख-पाटलांसारख्या वतनदारांची गढी किंवा चौसोपी वाडा उंच जोत्यावर उभा राही. दिंडीदरवाजातून आत शिरताच दोन्ही बाजूंना ढेलज, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टेकण्याची जागा, पुढे चौक, सोपा आणि अगदी आत माजघर व देवघर अशी मांडणी असे. सामान्य शेतकऱ्याचे घर दोन-चार खणांचे, आणि गावकुसाबाहेरील वस्त्यांत तर छपराची झोपडी. सुतार, लोहार यांना बलुतेदारीच्या व्यवस्थेत कामाचा मोबदला धान्यात मिळे. जिथे मोबदला, जागा आणि दर्जा तिन्ही परंपरेने ठरलेले होते, तिथे घराचा आकारही परंपरेनेच ठरे.

तरीही या ठरलेल्या चौकटीत एक मोकळी जागा होती, आणि ती स्त्रियांच्या हाती होती. शेणामातीने सारवलेल्या भिंतींवर गेरू आणि चुन्याचे पट्टे, चुलीभोवतीची सफाईदार कड, कोनाड्यांतील दिवे, एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड, भिंतीत बांधलेल्या बळदाचे, म्हणजे धान्याच्या कोठाराचे, लिंपलेले तोंड यांत प्रत्येक घराचा हात वेगळा ओळखू येई. नवी सारवण झाली की हे काम पुसले जाई, म्हणून कोणत्याही दप्तरात त्याची नोंद झाली नाही. घराच्या इतिहासातील ही मोठी पोकळी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हा भाग ज्यात मोडे ते हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घराच्या संदर्भात या तिसऱ्या घटनेचा परिणाम सर्वांत ठळक आहे. त्यांच्यामागे धम्म स्वीकारलेल्या घरांत जुन्या देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आली, भिंतींना निळा रंग लागला, आणि इतरांनी लादलेली ओळख नाकारून स्वतः निवडलेली ओळख उंबऱ्यावरच जाहीर करण्याचा तो या भूमीतील मोठा सामूहिक प्रयत्न ठरला.

दुसरा मोठा बदल ऊसतोडीने आणला. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत गेले तसे त्यांना तोडणीचे मजूर लागू लागले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून होणारे स्थलांतर फार वाढले. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, जिला या धंद्यात एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन निघते आणि उन्हाळ्यातच परतते. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती ऊस तोडून फेडायची असते. या पाच-सहा महिन्यांचा निवारा म्हणजे कोपी : काठ्यांचा सांगाडा, त्यावर चटया, पाचट किंवा ताडपत्री, वाकून शिरावे लागणारे तोंड, आणि आत चूल, अंथरूण व पत्र्याची पेटी यांपुरती जागा. कारखान्याच्या तळावर सर्व कोप्या एकसारख्या दिसतात. वर्षातील निम्मे दिवस असे बिनओळखीच्या आडोशाखाली काढणाऱ्या माणसाला गावाकडचे घर ठसठशीत हवे वाटावे, यात नवल नाही; त्याला दिखाऊपणा म्हणणाऱ्यांनी कोपी आतून पाहिलेली नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार बळी घेतले. नुसत्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदांच्या मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला त्याच घराची भीती मराठवाड्यात पसरली. चांगले लाकूड आधीच महाग झाले होते. त्यात ही भीती मिसळली आणि पत्रा, वीट, सिमेंट यांची वाट मोकळी झाली. पत्र्याखाली उन्हाळा असह्य होतो हे ठाऊक असूनही लोकांनी हलके छप्पर पत्करले, आणि पैसा जमेल तसा स्लॅब टाकला.

आजच्या घरांच्या गच्चीवर खांबांच्या लोखंडी सळया उघड्याच सोडलेल्या दिसतात, कारण पुढचा मजला पुढच्या हंगामांच्या कमाईतून चढायचा असतो. दर्शनी भिंतीवर विठ्ठल-रुक्मिणी किंवा संत भगवानबाबा, दारावर आईवडिलांच्या नावाची पाटी, ओट्याला शहाबादी फरशी, आणि कुठे कारखान्याच्या गावी पाहिलेल्या बंगल्यावरून उचललेली खिडकीची नक्षी, असा हा नवा चेहरा आहे. सरकारी घरकुलांचा आकार मात्र ठरीव असतो. इंदिरा आवास योजनेतील किमान क्षेत्र २० चौरस मीटर होते, ते २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत २५ झाले. या योजनांनी घर पत्नीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर करण्यावर भर दिला, आणि कोयत्याची अर्धी कमाई जिची, तिचे नाव घराच्या कागदावर येऊ लागले. दारावरच्या पाट्यांवर मात्र घराच्या या मालकिणीचे नाव अजून फारसे आलेले नाही.