नळाचे फडके आणि पटकीचा जंतू

डिलाईल रोडचे नाव ना. म. जोशी मार्ग झाले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. तिथल्या चाळींतून एक रीत वर्षानुवर्षे पाळली गेली. पाणी भरताना नळाला जुन्या लुगड्याचे फडके बांधायचे. शाळेत विज्ञान शिकलेली नातवंडे म्हणत, ‘आजी, फडक्यातून जंतू सहज पार होतात!’ नातवंडांचे चुकत नव्हते. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू मिलिमीटरच्या जेमतेम दोन-तीन हजारांश भागाएवढा असतो. मग फडके बांधणे व्यर्थच म्हणायचे काय?

थोडे मागे जाऊ. १८१८ साली मुंबईत पटकीची मोठी साथ आली. तेव्हा शहर विहिरी आणि तलावांचे पाणी पीत असे. धोबीतलाव, गवालिया टँक ही नावे त्याच काळाची खूण आहेत. १८६० मध्ये विहारचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी नळाने येऊ लागले. डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळी त्यानंतरच्या, १९२०च्या दशकातल्या.

दरम्यान १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात रुग्णांच्या आतड्यात आणि एका तळ्याच्या पाण्यातही हा जंतू दाखवून दिला. पण एक कोडे उरलेच. साथ ओसरली की हा जंतू जातो कुठे? तो माणसाच्या आतड्यातलाच रहिवासी, पाण्यात थोडेच दिवस तगतो, अशी समजूत होती.

१९७७ मध्ये रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चेसापीक उपसागरात हा जंतू आढळल्याचे जाहीर केले. तिथे पटकीची साथ नव्हती! पुढे उलगडा होत गेला. खाडीचे निमखारे पाणी हे त्याचे मूळ घर. तिथे तो झिंग्याच्या जातकुळीतल्या इवल्या प्राण्यांच्या कवचाला चिकटून राहतो आणि कवचातले कायटिन खातो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो सुप्त होतो. मग तो जिवंत असूनही प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही. म्हणूनच साथी नसताना तो ‘सापडत’ नसे.

आता फडक्याकडे वळू. एकटा जंतू कापडातून निसटतो. पण हजारो जंतू अंगावर वागवणारा प्राणी अडकतो. बांगलादेशातील मतलब भागात गावकऱ्यांनी जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथे पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. साडी जुनीच हवी. वारंवार धुतल्याने तिचे धागे पिंजून छिद्रे बारीक होतात.

मात्र हा उपाय तळ्या-नदीचे पाणी पिणाऱ्यांसाठी. फुटक्या नळात गटाराचे पाणी शिरले, तर त्यातले सुटे जंतू फडके अडवणार नाही. तिथे पाणी उकळणे किंवा क्लोरीन घालणे हाच उपाय.

शिक्षकांनी तळ्याचे पाणी अशा घड्यांतून गाळून, फडके उलटे करून थोड्या पाण्यात खळबळावे. त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर बरेचदा हे प्राणी वळवळताना दिसतात. नंतर हात साबणाने धुवायला विसरू नये.

देवीचा विषाणू फक्त माणसात राही, म्हणून १९८० मध्ये जगाला देवीमुक्त घोषित करता आले. पटकीचे तसे होणे नाही. तिचा जंतू पाण्यातला मूळ रहिवासी आहे. त्याला नाहीसे करता येणार नाही. आपल्या हंड्यापासून दूर ठेवता येईल. ते काम मात्र रोजचे आहे.