आठ सेकंद आणि दोन चाके

२३ जुलै १९८९. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरचा टप्पा आणि प्रत्येक स्वार घड्याळाविरुद्ध एकटा. फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी आघाडीवर होता. एवढ्या छोट्या अंतरात ५० सेकंद भरून निघणार नाहीत, असेच बहुतेकांना वाटत होते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हे अंतर २६ मिनिटे ५७ सेकंदांत कापले. फिन्याँला त्याच्यापेक्षा ५८ सेकंद जास्त लागले. तीन आठवडे आणि सुमारे ३,२८५ किलोमीटर चाललेली शर्यत अखेर आठ सेकंदांनी सुटली.

या शर्यतीवर खूप लिहिले गेले आहे. मला त्यातला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी फिन्याँच्या सायकलीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे भरीव तबकडीसारखी चाके होती. लेमाँडकडे तसे चाक फक्त मागे होते, पुढचे तारांचेच होते. म्हणजे चाकांपुरते पाहिले तर हरणाऱ्याकडे जास्त आधुनिक सामान होते.

हा इतिहास मी खोदत बसलो त्याला कारण माझा एक माजी विद्यार्थी. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, सायकल शर्यतींशी माझा संबंध प्रेक्षकाइतकाच. पण हा मुलगा आता जिल्हा आणि राज्य पातळीवर सायकल चालवतो. त्याचे अब्बा टेम्पो चालवतात. गेल्या महिन्यात तो घरी आला आणि म्हणाला, "सर, कार्बनची चाके नसतील तर मी शर्यत सुरू होण्याआधीच हरलेला असतो." ज्या जोडीवर त्याचा डोळा होता तिची किंमत त्याच्या घरच्या काही महिन्यांच्या कमाईइतकी होती. अम्मीचे दागिने गहाण ठेवायची भाषा घरात सुरू झाली होती. बी.एड.ला माझी एक अध्यापन पद्धती इतिहासाची होती. तिथे एक गोष्ट शिकलो होतो: एखादी वस्तू अत्यावश्यक आहे असे कोणी सांगू लागले, की ती नव्हती तेव्हा लोक काय करत होते आणि ती आल्यावर नेमके काय बदलले, हे आधी पाहावे. म्हणून त्याला म्हटले, थोडे थांब, आधी चाकाची हकिकत पाहू.

बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे असतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यांवर उभा असतो, म्हणून ते जाड लागतात. सायकलच्या चाकात उलटे आहे. तिथल्या बारीक तारा ताणलेल्या असतात आणि तो ताणच चाकाला आकार आणि बळ देतो. अशा ताणलेल्या चाकाची कल्पना १८०८ मध्ये जॉर्ज केली या इंग्रज माणसाने मांडली, आणि तीही सायकलसाठी नव्हे, तर उडणाऱ्या यंत्रासाठी. हवेत जायचे तर चाक हलके हवे, हा त्याचा विचार. पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीने तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या तारांची पद्धत रूढ केली, आणि थोड्याफार फरकाने तेच चाक आपण आजही वापरतो.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे शर्यतीच्या सायकलीचा एकच मंत्र होता: वजन कमी करा. त्याचे टोक म्हणजे बेल्जियमच्या एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत केलेला तासाचा विक्रम. एका तासात एकट्याने जास्तीत जास्त किती अंतर जाता येते, एवढीच ही परीक्षा. एर्नेस्तो कोल्नागोने बनवलेली त्याची सायकल जेमतेम पावणेसहा किलोची होती. साखळीलासुद्धा भोके पाडून वजन घटवले होते. मर्क्स ४९.४३१ किलोमीटर गेला. गंमत अशी, की त्याने मेक्सिको सिटी निवडली ती उंचावर हवा विरळ असते म्हणून. म्हणजे खरा शत्रू हवा आहे हे तेव्हाही ठाऊक होते. पण सायकल मात्र वजनाशीच लढत होती.

इथे थोडे विज्ञान समजून घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना स्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. त्यातही हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर त्यासाठी सुमारे ३३ टक्के जास्त ताकद लागते. चाकाची गोष्ट तर आणखी वेगळी. चाक जमिनीला टेकते तिथे त्याचा वेग क्षणभर शून्य असतो आणि माथ्यावर तो सायकलीच्या दुप्पट असतो. सायकल ४० ने जात असेल तर चाकाचा माथा ८० ने हवेत घुसतो. बत्तीस-छत्तीस तारा त्या वेगाने रवीसारखी हवा घुसळत राहतात.

हे गणित मैदानात उतरवले इटलीच्या फ्रांचेस्को मोझरने. जानेवारी १९८४ मध्ये, त्याच मेक्सिको सिटीत, तो भरीव चाकांची सायकल घेऊन आला. ही सायकल मर्क्सच्या सायकलीपेक्षा जड होती. १९ जानेवारीला तो ५०.८०८ किलोमीटर गेला, आणि चारच दिवसांनी ५१.१५१. वजनाचा शंभर वर्षांचा मंत्र एका आठवड्यात मागे पडला. त्याच वर्षी जूनमध्ये जिरो द इटालियाच्या शेवटच्या दिवशी मोझर १ मिनिट २१ सेकंदांनी मागे होता. भरीव चाके लावून त्याने ती पिछाडी भरून काढली आणि शर्यत १ मिनिट ३ सेकंदांनी जिंकली. त्या दिवशी ज्याची आघाडी गेली तो हाच फिन्याँ. पाच वर्षांनी पॅरिसमध्ये त्याने दोन्ही भरीव चाके का लावली असतील, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

मात्र मोझरच्या विक्रमाचे सगळे श्रेय चाकांना देता येत नाही. त्या प्रयत्नात आपण स्वतःचेच रक्त आधी साठवून पुन्हा शरीरात चढवले होते, हे मोझरने पुढे स्वतः मान्य केले. तेव्हा त्यावर बंदी नव्हती. विजयामागची कारणे मोजताना दुकानात मिळणारी वस्तू आपल्याला आधी दिसते, हे लक्षात ठेवायला हवे.

भरीव चाकाची एक मोठी अडचण होती: बाजूचा वारा. पुढचे चाक भरीव असेल तर वाऱ्याची झुळूक थेट हँडल फिरवते. घोळक्यात असे होणे धोक्याचे, म्हणून समूहाने धावण्याच्या शर्यतींत भरीव चाकांना बंदी आहे. मग मधला मार्ग निघाला. तारा ठेवायच्या पण कमी, आणि रिम आत केंद्राच्या दिशेने खोल करायची. साधी रिम १५ ते २० मिलिमीटर खोल असते, ही ४०, ६०, ८० मिलिमीटरपर्यंत गेली. ॲल्युमिनियमची एवढी खोल रिम जड झाली असती. कार्बनचे धागे आणि इपॉक्सी राळ यांनी ती हलकी ठेवता आली. कार्बनचे चाक महाग का, याचे मूळ इथे आहे. वेग देतो तो आकार, कार्बन फक्त तो आकार हलक्यात परवडवतो.

आकाराचा बारकावा अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या स्टीव्ह हेड आणि रॉबर्ट हॉग यांनी १९९० च्या सुमारास पकडला. चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागात हवा आधी टायरला भिडते. मागच्या अर्ध्या भागात मात्र ती आधी रिमच्या आतल्या, तारांकडच्या कडेला भिडते. म्हणजे एकच रिम हवेला दोन बाजूंनी तोंड देते. आतली कड सुरीसारखी टोकदार केली तर मागच्या भागात हवा विस्कटते. म्हणून त्यांनी मधे फुगीर आणि आत गोलसर रिम केली. आजच्या बहुतेक चांगल्या चाकांत हा विचार दिसतो. शिवाय अशी रिम तिरप्या वाऱ्यात थोडी शिडासारखी वागते आणि अडथळा आणखी कमी होतो.

आता पुन्हा पॅरिसला जाऊ. फिन्याँकडे दोन भरीव चाके असताना लेमाँड ५८ सेकंदांनी वेगवान कसा? लेमाँडने हँडलला पुढे लांब दांड्या लावल्या होत्या. त्यावर कोपरे टेकून हात जवळ घेतले की छाती झाकली जाते आणि पाठ सपाट होते. डोक्यावर निमुळते शिरस्त्राण होते. फिन्याँ उघड्या डोक्याने धावला, मागे केसांची शेंडी उडत होती आणि हात रुंद होते. त्याला बैठकीच्या जखमेचा त्रासही होता, तोही हिशेबात धरायला हवा. पण हवेचा जो एकूण अडथळा असतो त्यात साधारण तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. उरलेल्या पावात सगळी सायकल, आणि चाके त्याचाही एक भाग.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने हेच अधिक ठळकपणे दाखवले. त्याच्यामागे मोठी कंपनी नव्हती. त्याने घरी सायकल बनवली, तिच्यात धुण्याच्या यंत्रातली बेअरिंग वापरली, आणि हात छातीखाली दुमडून बसण्याची पद्धत शोधली. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतल्या हामार इथे तो ५१.५९६ किलोमीटर गेला आणि मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तो मागे टाकला, आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने पुढच्या वर्षी ओब्रीच्या बैठकीवर बंदी घातली, पण मुद्दा सिद्ध झाला होता.

सामान किती आणि माणूस किती, याचे उत्तर बोर्डमनच्याच दोन आकड्यांत मिळते. १९९६ मध्ये मँचेस्टरला त्याने हात पुढे ताणलेली बैठक आणि आधुनिक सायकल घेऊन ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. संघटनेने नंतर नियम बदलले आणि तासाच्या विक्रमासाठी मर्क्सच्या काळासारखी, साध्या तारांच्या चाकांची सायकल सक्तीची केली. २००० मध्ये त्याच मँचेस्टरला, त्या सायकलवर, बोर्डमन ४९.४४१ किलोमीटर गेला. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त, अठ्ठावीस वर्षांनी! चार वर्षांत त्याचे वय आणि तयारी बदलली होती हे मान्य, तरी सुमारे सात किलोमीटरचा हा फरक मोठा आहे. त्यातला मोठा वाटा बैठकीचा. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले आणि २०२२ मध्ये इटलीचा फिलिप्पो गाना ५६.७९२ पर्यंत पोहोचला.

माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हेही या इतिहासातून दिसते. चाकांचा फायदा खरा आहे आणि पैसेवाल्याला तो आधी मिळतो. पण तो रांगेत पहिला नाही. म्हणून मी त्याच्यासमोर खरेदीचा क्रम लिहून ठेवला.

आधी बैठक. कोपरे वाकवून, पाठ सपाट ठेवून तासभर ताकदीने पेडल मारता येते का? हे सरावाने येते, त्याला पैसे लागत नाहीत. मग अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चांगले शिरस्त्राण आणि चांगले टायर. चाके त्यानंतर.

चाके घ्यायचीच तर शर्यत कोणती ते पाहावे. घोळक्यात दुसऱ्याच्या मागे राहिले की हवेचा अडथळा तसाच बराच कमी होतो, तिथे खोल चाकाचा लाभ आटतो. एकट्याने घड्याळाविरुद्ध धावताना तो सर्वांत जास्त. रोजच्या आणि शर्यतीच्या वापराला एकच जोडी हवी असेल तर ४० ते ५० मिलिमीटर खोली पुरते. अंगाने हलका असलेल्या मुलाने पुढचे चाक मागच्यापेक्षा कमी खोल घ्यावे, कारण वारा हँडल फिरवतो तो पुढूनच. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा निदान पाच टक्के जास्त असावी. टायर बाहेर फुगला तर आकारावर खर्च केलेला पैसा वाया जातो.

रिमवर घासणारे ब्रेक असतील तर लांब घाट उतरताना कार्बनची राळ तापून मऊ पडू शकते. आपल्या सह्याद्रीत सराव करणाऱ्याने हे विसरू नये. डिस्क ब्रेकच्या सायकलीला ही भीती नाही.

वजनाची फार चिंता नको. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरले तर चाकांतले ३०० ग्रॅम म्हणजे ०.४ टक्के. अर्ध्या तासाच्या चढणीत त्याचे सातेक सेकंद होतात. एखाद्या टूरमध्ये सात सेकंद पुष्कळ झाले, पण तिथवर पोहोचेपर्यंत बैठकीतून मिळणारे मिनिटभर आधी कमवायला हवे.

आणि शेवटी, कोणाचा शब्द न मानता मोजावे. वारा नसलेल्या पहाटे एका उतारावर पेडल न मारता सायकल सोडायची, खाली किती वेग झाला ते लिहायचे. आधी स्वतःच्या चाकांवर हात ताठ ठेवून, मग कोपरे वाकवून, मग मित्राची कार्बन चाके मागून आणून. प्रत्येकी पाच-सहा वेळा. त्याला मी हे वहीत लिहायला सांगितले आहे. तीन रकान्यांतले आकडे पाहूनच घरात चाकांचा विषय काढायचा, असे आमचे ठरले आहे, आणि तोपर्यंत अम्मीचे दागिने कपाटातच राहतील.