पाटीवरून पडद्यावर

परीक्षा या शब्दात 'परि' आणि 'ईक्षा' अशी दोन पदे आहेत. परि म्हणजे सगळ्या बाजूंनी आणि ईक्षा म्हणजे पाहणे. आमच्या घरी परीक्षेला इम्तिहान म्हणतात. हा शब्द अरबीतून आला. आपण मराठीत रोज वापरतो तो 'मेहनत' हा शब्दही त्याच अरबी धातूतून आलेला आहे. म्हणजे इम्तिहान आणि मेहनत ही एका आईची लेकरे.

आज बारावीच्या मुलामुलींना ही दोन्ही भावंडे संगणकाच्या पडद्यावर भेटतात. एमएचटी-सीईटी असो, जेईई मेन असो, की केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी असो, प्रश्न पडद्यावर येतो आणि उत्तरही पडद्यावरच द्यायचे असते. पुष्कळ आईवडिलांना हा पडदा परका वाटतो. कागदावर लिहिलेले निदान डोळ्यांना दिसत होते, यंत्रात गेलेले कुठे जाते कोण जाणे, असे ते म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण हा पडदा इथवर कसा आला ते समजले, तर ती बरीच कमी होईल.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट, असे आपण पुढे मानू लागलो. मुळात ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती, म्हणजे त्या काळची सीईटीच म्हणा. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेतून पुढे आलेले विद्यार्थी.

त्याआधी पाठशाळेत काय किंवा मदरशात काय, परीक्षा मुख्यतः तोंडी असे. गुरुजींनी किंवा मौलवीसाहेबांनी विचारावे आणि शिष्याने म्हणून दाखवावे. यात मोठा गुण होता. शिकवणारा मुलाला जवळून ओळखत असे. पण तोच दोषही होता. समोर उभा आहे तो कोणाचा मुलगा, हेही त्याला दिसत असे. अमेरिकेत बॉस्टन शहरात १८४५ साली होरेस मान यांच्या पुढाकाराने शाळांत तोंडीऐवजी छापील प्रश्नांची लेखी परीक्षा घेतली गेली. सर्वांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ, हे लेखी परीक्षेचे वचन होते. आपल्याकडे उत्तरपत्रिकेवर नावाच्या जागी बैठक क्रमांक आला, तोही याच वचनाचा भाग. आडनाव, जात, धर्म, गाव, सगळे त्या क्रमांकाआड गेले. ज्यांच्या आडनावाकडे आधी पाहिले जाते, त्यांना या आकड्याची किंमत अधिक कळते.

मग विद्यार्थी वाढले आणि तपासणारे हात अपुरे पडू लागले. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा २३ जून १९२६ रोजी पहिल्यांदा झाली, तेव्हा ८,०४० विद्यार्थी बसले होते. पुढे मिशिगन राज्यातल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका शाळामास्तराने पेन्सिलीच्या खुणा मोजणारे यंत्र तयार केले. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, एवढ्या साध्या गोष्टीवर ते चालत असे. जिथे खूण तिथे वीज जाणार आणि काटा हलणार. आयबीएम कंपनीने या मास्तरांना नोकरीत घेतले आणि १९३८ साली ते यंत्र बाजारात आले. मऊ, काळ्या पेन्सिलीचा आग्रह त्यातूनच सुरू झाला. पुढे प्रकाशाने खुणा वाचणारी यंत्रे निघाली आणि आपल्या मुलांच्या हाती गोल काळे करण्याची ओएमआर शीट आली. याच जॉन्सन यांच्या देखरेखीखाली १९५६ साली संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार झाली. खुणांचा कागद आणि संगणकाची स्मरणशक्ती यांचे नाते असे जुने आहे.

संगणकावरची परीक्षाही अगदी कालची नाही. परदेशी उच्च शिक्षणासाठी लागणारी जीआरई १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून संगणकावर होऊ लागली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने २००५ साली आपली प्रवेश परीक्षा संगणकावर घेतली. २००९ साली आयआयएमची कॅट संगणकावर आली, तेव्हा पहिल्याच दिवसांत अनेक केंद्रांवर यंत्रणा कोलमडली आणि कित्येकांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्या धड्यानंतरही वाटचाल थांबली नाही. जेईई अॅडव्हान्स्ड २०१८ साली संगणकावर गेली. २०१९ साली जेईई मेनमधली इंजिनिअरिंगची परीक्षा पूर्णपणे आणि त्याच वर्षी आपली एमएचटी-सीईटीही संगणकावर झाली. अमेरिकेतली सॅट तिथल्या विद्यार्थ्यांसाठी २०२४ साली कागद सोडून पडद्यावर आली. म्हणजे या बाबतीत आपली मुले त्यांच्या पुढेच होती.

आता यंत्राबरोबर आलेला एक शब्द नीट समजून घेऊ, पर्सेंटाइल. लाखो मुलांना एकाच वेळी पुरतील इतके संगणक मिळत नाहीत, म्हणून परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. मग सकाळचा पेपर अवघड आणि दुपारचा सोपा निघाला तर? म्हणून मुलाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. समजा, एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १९,००० जणांना तुमच्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण आहेत. तर तिचे पर्सेंटाइल ९५. याचा अर्थ तिला शंभरात ९५ गुण पडले असा नाही. दोन मैत्रिणींचे गुण सारखे असून पर्सेंटाइल वेगळे आले, तर लगेच अन्याय झाला असे समजू नये. सत्रे वेगळी असू शकतात.

तयारीचेही असेच आहे. आधी अभ्यास, त्याला पर्याय नाही. पण प्रत्येक परीक्षेचा स्वभाव वेगळा. एमएचटी-सीईटीच्या गणित गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, मग गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न आणि चुकीला एक गुण वजा. तिथे अंदाज बेताने करावा. पडद्याच्या कडेला प्रश्नांचे क्रमांक रंगीत चौकटींत दिसतात. कोणता प्रश्न सोडवला, कोणता राहिला, कोणता पुन्हा पाहायचा, हे रंगावरून कळते. उत्तर निवडून ते 'सेव्ह' करायला विसरू नये. आकडेमोड मात्र दिलेल्या कोऱ्या कागदावरच करायची. नजर पडद्यावरून कागदावर आणि कागदावरून पडद्यावर सारखी न्यावी लागते. ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. सराव परीक्षा पडद्यासमोर बसून, घड्याळ लावूनच दिली पाहिजे. जेईई आणि सीयूईटी घेणाऱ्या नॅशनल टेस्टिंग एजन्सीच्या संकेतस्थळावर अशा सराव परीक्षा विनामूल्य मिळतात. जेईई मेन २०२१ पासून मराठी आणि उर्दूसह १३ भाषांत देता येते. ज्या भाषेत मूल विचार करते ती भाषा अर्ज भरतानाच विचारपूर्वक निवडावी.

आणि आता खरा प्रश्न. सर्वांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ, हे वचन कागदावर पाळणे त्या मानाने सोपे होते. लेखणी सगळ्यांच्या हातात होती. माउस सगळ्यांच्या हातात नाही. शहरातला मुलगा पन्नास सराव परीक्षा देऊन केंद्रावर येतो. पाड्यावरची किंवा वस्तीतली मुलगी मोबाइलवर धडे पाहून शिकते आणि मोठ्या पडद्यापुढे पहिल्यांदा बसते ती थेट परीक्षेच्या दिवशी. दोघांचे ज्ञान सारखे असले, तरी तिची पहिली दहा मिनिटे बावरण्यात जातात. शेकडो मुले जिथे एकेका गुणावर अडकलेली असतात, तिथे दहा मिनिटांत इंजिनिअरिंगची जागा हातची जाते. बैठक क्रमांकाने आडनाव झाकले, पण गरिबी नाही झाकली.

ही दहा मिनिटे तिला परत देणे आपल्या हातात आहे. कितीतरी शाळा-महाविद्यालयांत संगणक कक्ष आहेत आणि संध्याकाळी त्यांना कुलूप असते. मार्च-एप्रिलमध्ये ते कुलूप रोज दोन तास निघाले, गावातल्या वाचनालयाने दोन संगणक सरावासाठी ठेवले, एखादा कॉलेजात जाणारा दादा किंवा ताई शेजारी बसली, तर फार मोठा खर्च येणार नाही. आपल्या गावातल्या संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे असते, तेवढे उद्या विचारून पाहा.