दुर्मीळ मृदा कार्बोनेट : लेसरचा रंग बदलणारे स्फटिक कसे घडवतात?

लेसर किरणाची तरंगलांबी बदलू शकणाऱ्या स्फटिकांना अरेखीय प्रकाशीय स्फटिक म्हणतात. १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त किरण अशा स्फटिकातून गेला, की त्याचा काही भाग निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर पडतो. १९६१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमध्ये हा परिणाम प्रथम दाखवला.

२०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील किरण मिळवणे मात्र अवघड आहे. पोटॅशियम बेरिलियम बोरेट फ्लोराइड हा स्फटिक ते काम करतो. पण त्यासाठी लागणारी बेरिलियमची संयुगे विषारी आहेत आणि स्फटिकाचे थर सहज सुटत असल्याने तो जाड वाढत नाही. त्याला पर्याय म्हणून कार्बोनेटांचा अभ्यास होतो.

त्रिकोणांची दिशा

कार्बोनेट आयन म्हणजे मध्ये कार्बन आणि भोवती तीन ऑक्सिजन असलेला सपाट त्रिकोण. सगळे त्रिकोण एकाच दिशेला असतील, तर त्यांचा परिणाम एकत्र होतो. उलटसुलट असतील, तर तो नाहीसा होतो. कॅल्साइटमध्ये लागोपाठच्या थरांतील त्रिकोण विरुद्ध दिशांना असतात. म्हणून तो निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश देत नाही.

कोणता अणू बदलायचा?

त्रिकोण तोच ठेवून त्याचे शेजारी बदलणे, ही या संशोधनाची मुख्य युक्ती. त्यात तीन गोष्टी पाहतात.

* पारदर्शकता : लँथॅनमच्या आयनात ४एफ कक्षिका रिकामी, तर ल्युटेशियममध्ये पूर्ण भरलेली असते. यिट्रियमला ४एफ इलेक्ट्रॉन नसतातच. म्हणून ही तीन मूलद्रव्ये अतिनील प्रकाश फारसा शोषत नाहीत. सेरियम मात्र तो शोषतो.
* आकार : लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनाची त्रिज्या सुमारे ०.१०३ वरून ०.०८६ नॅनोमीटरवर येते. त्यामुळे भोवतालच्या ऑक्सिजनची संख्या आणि त्रिकोणांची मांडणी बदलू शकते.
* फ्लोराइड : तो आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे स्फटिक आणखी कमी तरंगलांबीपर्यंत पारदर्शक राहतो.

बास्टनेसाइट हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे प्रमुख खनिज म्हणजे फ्लोराइडयुक्त कार्बोनेटच. पण त्यात सहसा सेरियम भरपूर असल्याने अतिनील प्रकाश अडतो. प्रयोगशाळेत सोडियम, ल्युटेशियम आणि फ्लोराइड एकत्र आणून तयार केलेल्या कार्बोनेटांनी ही अडचण टाळली.

अडचण कुठे?

चुनखडी भट्टीत भाजली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. इतर अनेक कार्बोनेटेही तापवल्यावर अशीच विघटित होतात. म्हणून ती वितळवून स्फटिक वाढवण्याऐवजी बहुधा बंद पात्रात गरम पाणी व दाब वापरतात. त्यातून मिळणारे स्फटिक सहसा लहान असतात. परिणामाची पहिली चाचणी भुकटीवर करता येते; ती पद्धत १९६८ मध्ये कर्ट्झ आणि पेरी यांनी मांडली. पण लेसर यंत्रात बसवायला मोठा, निर्दोष स्फटिकच लागतो. त्यामुळे योग्य अणू निवडल्यावरही तो स्फटिक पुरेसा मोठा वाढतो का, यावरच त्याची उपयुक्तता ठरते.